शिट्टीवाली कॅसेट

तातेराव वाहुळ्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे ते चारचौघांत अभिमानानं सांगत. गाणं म्हणजे शब्द, आणि शब्द म्हणजे अर्थ. ज्याला अर्थ नाही ते गाणं नव्हे, नुसता गोंगाट. हैदराबादच्या टेलिफोन एक्स्चेंजात उभा जन्म काढलेल्या माणसाला गोंगाटाचं काय कौतुक असणार! आणि नेमका त्यांच्याच पोटी धम्मानंद जन्माला यावा, हा दैवाचा खट्याळपणा. पोराला ज्या बँडनं वेड लावलं होतं, त्या बँडमध्ये गाणारा माणूसच नव्हता. चार इंग्रज, दोन गिटार, एक ड्रम आणि पेटीसारखं काहीतरी. पंचवीसेक वर्षं वाजवत होते, वाजवता वाजवता पिकले, पण कॅसेटवर कुणी एक अक्षर काढलं नाही. बँडचं नाव ‘अ‍ॅश लेन’. तातेरावांनी बारसं केलं, ‘मुक्यांचा बाजा’. टवाळी म्हणून ठेवलेलं हे नाव पोरांना इतकं आवडलं, की विद्यानगरपासून कुकटपल्लीपर्यंतची सगळी टोळी त्या बँडला ‘मुके’च म्हणू लागली.

“मुक्यांची नवी कधी येणार?” हा टोळीचा रामराम होता. मुक्यांनी कित्येक वर्षांत नवं काही काढलंच नव्हतं. मग एका परदेशी मासिकात बातमी आली, की वर्षअखेर नवा अल्बम येतोय, आणि आता परदेशी मालाला दारं उघडल्यामुळे तो आबिड्सच्या दुकानातसुद्धा मिळणार. धम्मानंदनं त्याच दिवशी दुकानदाराकडे सगळ्यांत आधी आपलं नाव सांगून ठेवलं. घरी येऊन म्हणाला, “बाबा, मुके परत बोलणार!” तातेराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “बोलले की मला उठव.”

मार्चमध्ये कुकटपल्लीच्या कंपनीतून घरी येताना धम्मानंदच्या मोटरसायकलला लॉरीनं उडवलं. अल्बमची वाट बघणारा गेला आणि अल्बम तेवढा यायचा राहिला.

घरात फोटो पुष्कळ होते. शाळेतला, पदवीचा झगा घातलेला, नव्या नोकरीत टाय लावलेला. पण पावसाळा उलटला आणि तातेरावांच्या लक्षात आलं, की पोराचा आवाज आपल्याला सोडून चाललाय. चेहरा डोळ्यांपुढे उभा राही, ओठ हलत, पण ऐकू काही येत नसे. जन्मभर त्यांनी परक्यांचे आवाज एकमेकांना जोडून दिले होते. मुंबईची लाइन लाव, नांदेडची लाव, कुणाची बाळंतपणं, कुणाची मयत. घरातल्या आवाजाचा एक तुकडा मात्र त्यांच्याकडे नव्हता. या एका गोष्टीनं त्यांना आतून पोखरलं. एकदा त्यांनी बायकोला, पंचफुलाबाईंना विचारलं, “तुला आठवतोय का गं त्याचा आवाज?”

“‘माय’ म्हणायचा तेवढा आठवतो,” त्या म्हणाल्या. “बाकीचं जाऊन राहिलंय.”

नोव्हेंबरात एका संध्याकाळी पुष्कर आणि खलील दारात उभे राहिले. पुष्कर पुण्याच्या घरातला, पण वाढला इथंच, धम्मानंदचा कॉलेजपासूनचा मित्र. खलील मल्लेपल्लीचा, टोळीतला सगळ्यांत बोलका. त्या दिवशी मात्र दोघं पायपुसण्यावरच घुटमळले.

“काका,” पुष्कर म्हणाला, “आली. मुक्यांची नवी. धम्माच्या नावावर होती ती दुकानदारानं आम्हाला दिली.” त्यानं खिशातून कॅसेट काढली. वरचा चकचकीत कागद तसाच होता. “आमचा एक रिवाज आहे. नवी कॅसेट पहिल्यांदा इथंच ऐकायची, धम्माच्या खोलीत. तुम्हाला नको असेल तर...”

“या रे लेकरांनो,” पंचफुलाबाई आतून म्हणाल्या. तातेराव बाजूला झाले.

रिवाजाचा दुसरा भाग असा, की नवीला हात लावायच्या आधी जुनीतला एक तुकडा वाजवायचा. सगळ्यांत पहिली कॅसेट, वर छापील काही नाही, धम्मानंदनं स्वतः भरलेली. खलीलला ती खोक्यात कुठं असते ते डोळे मिटून ठाऊक होतं. त्यानं काढली, घातली, बटण दाबलं. आणि टेपमधून भंतेजींची वंदना सुरू झाली.

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

“ती मीच भरली,” तातेराव म्हणाले. “तो गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी. परभणीचे लोक येऊ शकले नाहीत, त्यांना ऐकवायला. खोक्यातली सगळ्यांत जुनीपानी बघून घेतली. मागची प्लास्टिकची पट्टी तुटलेली होती, टेप भरून घेईना. मग तिथं चिकटपट्टी लावली.” आपली ही हुशारी त्यांनी त्या दिवशी दोघा-तिघांना सांगितलीही होती.

“अंकल, वो पट्टी धम्माइच तोडा था,” खलील हळू आवाजात म्हणाला. “कोई मिटाना नक्को बोलके.”

“का? काय होतं त्याच्यात?”

पुष्करनं सांगितलं. कॉलेजात असताना खलीलच्या मामूंनी दुबईहून मुक्यांची अस्सल कॅसेट आणली होती, आणि ती एकाच दिवसासाठी मिळाली होती. उतरवून घ्यायची वायर कुणाकडेच नव्हती. म्हणून याच खाटेवर दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवले, दाराच्या फटीत गोधडी कोंबली आणि तिघं श्वास धरून बसले. तरी मधेच पंचफुलाबाईंच्या कुकरची शिट्टी झाली आणि ती गाण्यात शिरली. त्या कॅसेटवरून पुढं सगळ्या टोळीनं उतरवून घेतलं, म्हणून सगळ्यांकडच्या मुक्यांमध्ये कुकर होता. ‘शिट्टीवाली’ हे त्या कॅसेटचं नाव. सिकंदराबादचा किशोर तर आजतागायत भांडतो, की ती शिट्टी नाहीच, इंग्लंडातली कसलीशी बासरी आहे.

“आणि तुम्हीसुद्धा आहात त्यात, काका,” पुष्कर म्हणाला. “तुम्ही दार ढकलून आत आलात आणि ओरडलात. मग धम्मा काहीतरी बोलला.”

तातेरावांनी खाटेची कड धरली. “धम्मा बोलला?”

“हौ, काका.”

टेपमधून वंदना चालूच होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पोराचा आवाज इतकी वर्षं याच घरात, या खोक्यात होता, आणि तो बापानं आपल्या हातानं, वर चिकटपट्टी लावून पुसला होता. पंचफुलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

“तुझ्याकडे असंल की,” तातेराव म्हणाले. “तू उतरवून घेतली होतीस ना?”

पुष्करनं मान खाली घातली. शहरात अस्सल माल आला तसं सगळ्यांनी स्वच्छ कॅसेटी घेतल्या होत्या, आणि कुकरवाल्या जुन्या कॅसेटींवर कुणी सिनेमाची गाणी भरली, तर कुणी कॉम्प्युटर क्लासची लेक्चरं. पुष्कर त्या लेक्चरवाल्यांतला.

“बरं,” तातेराव म्हणाले. “तुम्ही नवी लावा. किती वर्षं थांबलात.”

“नक्को अंकल,” खलील म्हणाला. “पहले वो, फिर ये.”

आणि खरोखरच त्यांनी ती उघडली नाही. नवी कॅसेट चकचकीत कागदासकट धम्मानंदच्या टेबलावर पडून राहिली. बाकीची टोळी मुक्यांवर तुटून पडली होती. अमुक तुकडा ऐकलास का, तमुक ठिकाणी ड्रम कसा थांबतो, चहाच्या हॉटेलात दुसरं बोलणं नव्हतं. कुणी नव्या अल्बमचा विषय काढला, की हे दोघं बशीतला चहा तसाच टाकून उठत. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला ते हाताशी असून त्यांनी कान बंद ठेवले. घरोघर जुनी खोकी मात्र उपसली.

तातेरावही स्वस्थ बसले नाहीत. आबिड्सला त्या दुकानात गेले. काचेमागं भिंतभर कॅसेटी, सगळ्या रंगीत, सगळ्या कोऱ्या.

“खराबवाली मंगता,” त्यांनी सांगितलं. “अ‍ॅश लेनकी. जिसमें कुकरकी शिट्टी है.”

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हातारा चळला असावा, असं त्याला वाटलं असणार. “साब, अब सब ओरिजिनल है,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “वैसा माल अब किसके पास बी नहीं मिलता.”

पायऱ्या उतरताना तातेरावांना रडू फुटलं. रस्त्यावरची गर्दी त्यांना वळसा घालून जात राहिली.

शेवटी कॅसेट निघाली ती किशोरकडे. पोरांनी त्याला सगळ्यांत शेवटी विचारलं, कारण त्यानं अस्सल कॅसेट विकत घेतली हे सगळ्यांना माहीत होतं. ती त्यानं दुसऱ्याच दिवशी दुकानात परत नेऊन दिली, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. “हिच्यात बासरीच नाही, हा माल नकली आहे,” असं भांडून आला होता तो. जुनी त्यानं जिवापाड जपली होती. चूक असावी तर अशी.

रविवारी दुपारी किशोर स्वतः ती घेऊन आला. दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नव्हता. पंचफुलाबाई उंबऱ्यावर टेकल्या. तातेराव दाराला पाठ लावून उभे राहिले. त्या खोलीत ते नेहमी तसेच उभे राहायचे.

गिटार सुरू झाली. खरखर होती, आवाज विहिरीतून यावा तसा. मग बारीक होत होत लांब एक शिट्टी.

“अगं बाई, माझा कुकर!” पंचफुलाबाई म्हणाल्या. किशोरनं त्यांच्याकडे पाहिलं, पुष्करकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून बासरीचा वाद मिटला.

मग दार ढकलल्याचा आवाज आला, आणि टेपमधले तातेराव गरजले, “कामून गोंगाट लावलाय रे? बंद कर ते आधी!”

आणि हसू दाबत, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं, “संपतच आलंय, बाबा. दोन मिनिटं बसा ना इथं. बसा ना.”

त्यावर उत्तर म्हणून दार धाडकन आपटलं. पुढं नुसता बाजा.

पंचफुलाबाईंनी पदर तोंडात धरला होता. पुष्करनं न विचारता टेप मागं घेऊन पुन्हा लावली. पुन्हा तो म्हणाला, बसा ना. पुन्हा दार आपटलं. तातेरावांना वाटलं, या खेपेला तरी दार आपटणारा तो माणूस थांबेल. तो कसला थांबतोय! ज्या आवाजासाठी महिनोन्महिने तडफडले, तो त्यांना मिळाला होता, आणि तो त्यांना एवढंच सांगत होता.

“आता नवी लाव,” तातेराव म्हणाले.

“आज राहू दे, काका.”

“लाव म्हणतो ना.”

पुष्करनं कागद फाडला. तातेराव दारापासून हलले आणि खाटेवर येऊन बसले, जिथं ते दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवले होते तिथंच. आवाज आता स्वच्छ होता. त्यात शिट्टी नव्हती, खरखर नव्हती आणि माणूसही नव्हता. त्यांना त्यातलं आजही काही कळत नव्हतं. बाहेर कुणीतरी कडी वाजवली. पंचफुलाबाई उठून गेल्या. तातेराव हलले नाहीत.

“बसलो रे,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “बसलोय, बघ.”

मुके वाजवत राहिले. पहिली बाजू संपून बटण खटकन वर आलं, तरी ते बसूनच होते.