सासऱ्याच्या नावाचं जनावर

त्या चित्रफितीत बुरुलचा चेहरा अकरा सेकंद दिसतो. किटलीची वाफ, मागे अक्रोडाची काळपट खोडे, आणि एका बाईने खाली घातलेली मान. मग चित्रफीत काढणाऱ्या एर्नीसचा खर्जातला आवाज येतो: "मी तिला विचारलं, ते अस्वल होतं का? तिनं उत्तर दिलं नाही. तिच्या डोळ्यांतली भीती तुम्हीच पाहा."

वसंतापासून आजवर किती लोकांनी ते डोळे पाहिले असतील कोण जाणे. आता पानगळ सुरू झाली होती आणि बुरुलच्या छातीत त्या अकरा सेकंदांचा निखारा अजून विझला नव्हता.

तिच्या भाषेत अस्वलाला आयू म्हणतात, आणि तिच्या सासऱ्याचे नाव आयूबाय. चार मुले पाळण्यातच गेल्यावर पाचव्याकडे मृत्यूने वळूनही पाहू नये, म्हणून आईबापाने त्याला जनावराचे नाव दिले होते. सून सासऱ्याचे नाव घेत नाही. त्या नावाच्या पोटात दडलेला शब्दही घेत नाही. नऊ वर्षे तो शब्द बुरुलच्या ओठांवर आला नव्हता. तिच्या बोलण्यात अस्वल म्हणजे 'केसाळ'. जशी शेजारच्या ताशमतची सून दगडाला, ताशला, 'कठीण' म्हणे. अवघ्या गावाला हे ठाऊक होते. शाळेत पहिलीच्या मुलांना ती अक्षरे शिकवी तेव्हा त्या एका चित्रावर नुसते बोट ठेवी, आणि बाईंना न येणारा एकुलता एक शब्द मुले बाके बडवत ओरडत.

त्या दिवशी ती ओढ्यावरून धावत आली होती, बादली तिथेच टाकून. "केसाळ होतं," ती धापा टाकत म्हणाली होती, "दोन पायांवर उभं राहिलं. म्हाताऱ्या माणसासारखं बघत राहिलं माझ्याकडे." राजधानीतून दंतकथा गोळा करायला आलेला, गावाची ही रीत न जाणणारा एर्नीस तेव्हा चहा पीत बसला होता. त्याने विचारले, अस्वल का? समोर सासरे बसलेले. तिने मान खाली घातली. सासऱ्यांना तिचे बोलणे कळले होते. 'अस्वलच रे ते' एवढे तीन शब्द पुरले असते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्या आजोबांनीही एक पाहिला होता."

तिथे रानमाणूस जन्माला आला. बुरुलच्या मौनाच्या कुशीत, सासऱ्याच्या दाढीखाली.

दर पानगळीप्रमाणे या वर्षीही कुटुंब अक्रोडांच्या रानात तंबू ठोकून राहिले होते. सालींच्या रसाने सगळ्यांचे हात कोळशासारखे झाले होते. पहाटे धुके विरळ होत असताना बुरुल गुहेखालच्या चिखलात अक्रोड वेचत होती, आणि तिथे तिला पावले दिसली. एक पाऊल भाकरीएवढे. त्याला लगटून दुसरे, तान्ह्या मुलाच्या तळव्याएवढे.

ती तंबूकडे आली तेव्हा तिचा नवरा कुबात घोड्याच्या पाठीवर कापलेली मेंढी बांधत होता.

"ही कुठं?"

"वर. रानमाणसाच्या गुहेच्या तोंडाशी. काल एक ठेवली होती, ती सकाळी नव्हती. एर्नीसनं आणलेले पाहुणे खूश झालेत."

"केसाळला पिल्लू आहे, कुबात. मी पावलं पाहिली. तू पाच माणसं घेऊन पिलाच्या आईपुढं जाणार?"

कुबातने दोर घट्ट आवळला. "मला काय कळत नाही? अता म्हणाले, घेऊन जा." वडिलांना तो अता म्हणे.

"अता म्हणाले, कड्यावरून उडी मार, तर?"

"तर आधी विचारीन, कुठल्या कड्यावरून," तो म्हणाला. त्याला हसू आले नाही. "तू शिकलेली आहेस, तूच सांग त्यांना. मी चाळीस वर्षांचा झालो तरी त्यांच्यासमोर माझा आवाज फुटत नाही."

"आणि वरच्या राईत बायका वेचतायत. कालची मेंढी त्यांच्या डोक्यावर टाकून आलास तू."

त्याचे हात थांबले. हे त्याच्या ध्यानात आले नव्हते, की येऊ दिले नव्हते? बुरुलने वाट पाहिली नाही.

तंबूसमोर जेवणाचे कापड, दस्तरखान, पसरले होते. साय, मध, गरम भाकऱ्या. एर्नीस आणि त्याचे चार पाहुणे मांडी घालून बसले होते. मध्ये सासरे उंच पांढरी टोपी घालून, गेल्या सहा महिन्यांत शिकलेल्या संथ, रहस्यमय आवाजात सांगत होते. "तो माणसाच्या वाटेला जात नाही. फक्त बघतो. आमच्या पूर्वजांशी त्याचा करार आहे."

करार! याच माणसाने चार वर्षांपूर्वी मधमाश्यांची पोळी फोडणाऱ्या अस्वलावर बंदूक झाडली होती आणि महिनाभर त्याची बढाई मिरवली होती. तेव्हा कुठे होता हा करार?

"ये केलिन, ये सूनबाई, चहा ओत," सासूबाई म्हणाल्या. आणि पाहुण्यांकडे वळून, "हीच ती. हिनंच पाहिला."

"अरे वा, आमची नायिका!" एर्नीसने कॅमेरा उचलला. "बुरुल, आज तरी सांगा. त्याचे डोळे कसे होते? माणसासारखे?"

"भुकेले होते," बुरुल म्हणाली.

"ऐकलंत? भुकेले!"

"अता," ती सासऱ्यांकडे न पाहता म्हणाली, चहाची वाटी आदराने दोन्ही हातांत होती, "गुहेकडं आज कुणी जाऊ नये. केसाळबरोबर पिल्लू आहे."

"पिल्लू?" एर्नीस गुडघ्यांवर उठला. "रानमाणसाचं मूल? तुम्ही मूल पाहिलं?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत क्षणभर खरे भान चमकले. डोंगरात वाढलेल्या म्हाताऱ्याला पिलाची आई म्हणजे काय हे कुणी समजावायला नको होते. मग त्यांची नजर पाहुण्यांच्या उजळलेल्या चेहऱ्यांवरून फिरली, आणि ते भान पाण्यात विरघळणाऱ्या मिठासारखे नाहीसे झाले.

"आमच्या सुनेचं मन हळवं आहे," ते म्हणाले. "बायकांना भीती वाटायचीच. कुबात लहानपणापासून तिथं जातो."

"भीती नाही वाटत मला."

"केलिन!" सासूबाई पुटपुटल्या. "पाहुण्यांसमोर वाद घालतेस? तुझ्या आईनं हेच शिकवलं?"

"माझ्या आईनं मला पावलं ओळखायला शिकवलं, अपा."

"अगं, मग ओळख की! गप्प राहून ओळख!"

पाहुण्यांतला एक हसला. एर्नीस कॅमेऱ्यात हलक्या आवाजात बोलू लागला होता: "...स्थानिक स्त्री पुन्हा तेच सांगते आहे, ते प्राणी एकटे नाहीत..." आणि बुरुलला एकदम उमगले की आपल्या तोंडून निघणारा प्रत्येक झाकलेला शब्द हा मनुष्य त्याच्या राक्षसाच्या अंगावर केसासारखा चिकटवत जाणार आहे. तिने राखलेल्या अदबीतून, नऊ वर्षांच्या संस्कारातून, तिच्याच खाली घातलेल्या मानेतून त्या भुताला मांस चढत होते. जिला सगळे तिची लाज म्हणत होते, तिच्या भरवशावर आज पाच माणसे आणि एक नवरा मरायला निघाले होते.

तिने वाटी खाली ठेवली.

"आयू," ती म्हणाली.

सासूबाईंचा हात गळपट्टीकडे गेला आणि त्यांनी ती मुठीत धरली, जशी बायका मरणाची बातमी ऐकताना धरतात. तंबूमागे घोड्याशी उभ्या कुबातने मान वर केली.

एर्नीस गोंधळून सासऱ्यांकडे पाहू लागला. "तुम्हाला हाक मारते आहे का ही?"

त्याही स्थितीत बुरुलला कडवट हसू फुटले. एवढे बोलूनही या माणसाला तिचा शब्द ऐकू आला नव्हता!

"त्यांना नाही," ती आता सरळ कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाली. वर्गात बोलते तसा आवाज, अक्षर अक्षर सुटे. "अस्वल. आ-यू. वसंतात मी पाहिलं ते अस्वल होतं. सासऱ्यांचं नाव म्हणून मला तो शब्द उच्चारता येत नव्हता, एवढंच. त्यांना हे तेव्हाच कळलं होतं. आता त्या मादीला पिल्लू आहे, आणि तुम्ही तिला मेंढ्या चारून माणसांजवळ आणताय. लावा हे तुमच्या चित्रफितीत."

सासरे उठले. उठायला त्यांना वेळ लागला. टोपी वाकडी झाली. "नऊ वर्षं तुला मुलीसारखं वागवलं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अचानक रहस्यमय राहिला नव्हता, फक्त म्हातारा होता. "परक्यांसमोर माझं नाव चिखलात टाकलंस."

"चिखलातच तर पावलं आहेत, अता. चला, दाखवते. नाही येणार ना तुम्ही?"

ते आले नाहीत. ते बसलेही नाहीत. सासूबाई रडू लागल्या. घराची अब्रू, गाव काय म्हणेल, शाळेतून काढतील. एर्नीसने कॅमेरा खाली केला, पुन्हा वर केला, आणि शेवटी पाहुण्यांना विचारले, "अस्वल चालेल का?" एक पाहुणी आपले बूट शोधू लागली होती.

कुबातने चाकू काढला आणि घोड्यावरचा दोर कापला. मेंढी धप्पकन मातीत पडली. तो वडिलांकडे बघू शकला नाही, बुरुलकडेही नाही. मेंढीकडे बघतच म्हणाला, "मी इथं पुरतो हिला. तू बायकांना खाली आण."

ती निघाली. तिच्यामागे सासऱ्यांनी काहीतरी ओरडून सांगितले. परत या तंबूत यायचे की नाही, याविषयी होते ते. तिने ऐकले, आणि चालत राहिली.

चढ सुरू झाला तशी ती हाका घालू लागली, कारण अस्वलाच्या रानात माणसाने आवाज करत चालावे, हे तिथले पोरही जाणते. पण आज तिच्याजवळ एकच आवाज होता.

"आयू!"

वर, अक्रोडांच्या पिवळ्या छायेत, वाकलेल्या पाठी एकेक करून सरळ झाल्या. त्याही आयूबायच्या घराण्यातल्याच सुना होत्या, चुलत, निमचुलत. त्यांतल्या थोरलीने तोंडाशी काळे हात धरून विचारले, "काय गं? केसाळ?"

"आयू!" बुरुल ओरडली. "पिल्लू आहे तिच्याबरोबर! खाली या!"

त्या घाबरल्या, पण कशाला, हे तिला इतक्या दुरून कळेना. एकीने डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकले. मग थोरलीने बादली उलटी करून अक्रोड ओतून दिले आणि काठीने ती बडवायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही बादल्या उचलल्या. तो शब्द कुणाच्याही तोंडून निघाला नाही. पत्र्याच्या त्या दणदणाटात बायका उतरू लागल्या, आणि बुरुल वाटेच्या मधोमध उभी राहून, घसा फाटेपर्यंत, एकटीच तो शब्द ओरडत राहिली.