कोणाचा एजंट

"माझा मत कोणी खाल्ल्यान?"

कृष्णाबाई परबांच्या या आरोळीने मतदान केंद्राच्या पंख्यावरचं कबूतर जे उडालं, ते म्हणे थेट देवनारला जाऊन उतरलं. कबुतराचं खरंखोटं देव जाणे. पण भिंतीकडेच्या बाकावर बसलेल्या सहदेव घाडीच्या हातातलं पेन गळून पडलं, हे मात्र सोळा आणे खरं.

मतदान अधिकाऱ्याने वही पुन्हा चाळली. "आजी, तुमचं मतदान झालंय. हा बघा अंगठा."

"अंगठो? मी सातवी पास आसंय, मेल्या! ह्या बघ बोट. शाय खंय आसा? देवगडसून रातभर बशीन हाडां मोडीत इलंय, ती ह्या आयकूक?"

सहदेवाने आपली यादी पुढे ओढली.

सहदेव घाडी गिरणीत होता. गिरणी गेली, तसा दिंडोशीच्या डोंगराखालच्या वसाहतीत आला आणि वॉचमनकी करत म्हातारा झाला. पण वसाहतीत त्याला वॉचमन म्हणून कोणी ओळखत नसे. तो पोलिंग एजंट. चौतीस वर्षं. उमेदवाराच्या वतीने केंद्रात बसायचं, नाव पुकारलं की तोंड बघायचं, पटलं तर यादीत खूण, नाही पटलं तर हरकत. एकदा जुळ्यांपैकी धाकटा थोरल्याच्या नावावर मत द्यायला आला, तर सहदेवाने त्याला नुसत्या शिंकेवरून पकडला होता. पैसा कधी घेतला नाही. खोली विकणारा एजंट, दाखले काढून देणारा एजंट, सगळ्यांची घरं चार मजले चढली. हा मात्र बायकोच्या भाषेत 'बिनपगारी एजंट'च राहिला.

त्याची एक पद्धत होती. मतदानाच्या दोन दिवस आधी सगळे जिने चढायचे आणि कुलूप दिसेल त्या नावापुढे 'गा' लिहायचं. गा म्हणजे गावाला. कोकणातली माणसं, जत्रांचे दिवस. यंदा त्रेपन्न 'गा' निघाले. ती यादी त्याने उमेदवाराचं काम बघणाऱ्या हर्षदला दिली. पोरांचे चिठ्ठ्या वाटतानाचे जिने वाचावेत, एवढाच हेतू.

आता त्याने पाहिलं. त्याच्या निळ्या खुणांमध्ये, अकरा ते साडेअकराच्या दरम्यान, दुसऱ्याच हाताच्या लाल पेनाच्या सात खुणा होत्या. सातही 'गा'पुढे. पहिलीच कृष्णाबाईंच्या नावापुढे.

त्या अर्ध्या तासात सहदेव बाहेर होता. चौतीस वर्षं त्याने बाकावरच कागदात गुंडाळलेली चपातीभाजी खाल्ली होती. यंदा हर्षद दारात येऊन गोड बोलला, "काका, बांगडा गरम आहे. जेवून घ्या निवांत. आपल्या पोरांतला अल्पेश बसेल ना तुमच्या जागी." आणि सहदेव गेला. दोन बांगडे खाल्ले. सोलकढी दुसऱ्यांदा मागून घेतली.

त्याने दोन्ही हात पँटला पुसले.

केंद्रप्रमुख रुचिरा मॅडम हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी कृष्णाबाईंना वेगळी मतपत्रिका दिली. "हे प्रदत्त मत, म्हणजे तुमच्या नावावर आधीच कोणी देऊन गेलं, तर घेतात ते. लिफाफ्यात बंद करून ठेवतो आम्ही."

"मोजतलास?"

"कोर्टाने सांगितलं तर."

"म्हंजे नाय." कृष्णाबाईंनी शिक्का मारला, लिफाफा ठेवला आणि सहदेवाकडे वळल्या. "सदू, तू हयच होतस मा? मगे तुका एजंट कित्याक म्हणतत?"

सहदेवाने यादीत मान घातली. मॅडमनाच राहवलं नाही. वर्गात वातावरण तापलं की शब्दाची फोड करायची, ही त्यांची जुनी खोड. "लॅटिन शब्द आहे, आजी. मुळात अर्थ हाकणं, करणं. करणारा तो एजंट. मग दुसऱ्याच्या वतीने करणारा, असं झालं."

"हाकणारो म्हंजे गुराखी! मगे ह्येची गुरां कोणी नेली ती इचारा." कृष्णाबाई बाकाजवळ आल्या. "आमच्या गावाक देवळात गाऱ्हाणा घालतत. एकटो बोलता, सगळ्या गावाच्या वतीन बोलता. पण तो मधीच जेवक उठना नाय, सदू. तुझ्या हाताक बांगड्याचो वास येता."

तेवढ्यात अधिकाऱ्याने नाव पुकारलं, "सुगंधा धोंडू राणे."

राणेवहिनी सत्तरीच्या, आणि चार दिवसांपूर्वीच गावाला गेलेल्या. पुढे आली ती तिशीची, तोंडाला स्कार्फ.

"हरकत!" सहदेव उठला तो बाक मागे पाडूनच.

समोरच्या उमेदवाराचा एजंट खंडू फिदीफिदी हसला. "ओ काका, ही तुमच्याच पार्टीची हाय!"

"म्हणून तर!" सहदेव तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "स्कार्फ काढ, बाई. बघू दे कोण सुगंधा ती!"

बाई दारातून अशी पळाली की एक चप्पल तिथेच राहिली. सहदेवाने कागद मागितला. सात नावं लिहिली, लाल खुणांची हकिगत लिहिली, आणि खाली लिहिलं, 'गावाला गेलेल्यांची यादी मीच दिली. जेवायला मीच उठलो.' सही केली. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला आणि जपून आपल्या डायरीत लावला.

पाच मिनिटांत हर्षद दारात. "काका, बाहेर या जरा." बाहेर येताच त्याने आवाज चढवला, "वाट लावलीत यार तुम्ही! आपल्याच उमेदवाराची? एजंट कोणाचे तुम्ही? सांगा ना, कोणाचे?"

"तुझो नाय!" सहदेव ओरडला. चौतीस वर्षांत इतक्या मोठ्याने तो पहिल्यांदाच बोलला असावा. "मला काढायचं तर तसं लिहून दे आधी. तोंडी नको. मी कायद्याने बसलोय, कायद्यानेच उठेन."

हर्षदने लिहून दिलं. सहदेवाने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातावर आपटलं आणि शंभर मीटरवरच्या चुन्याच्या रेघेबाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. घरी जावंसं वाटेना. बाकीची सहा जणं जत्रेहून परत येतील, त्यांना काय सांगायचं, हे ठरेना.

चारच्या सुमाराला बी विंगमधली अबोली आली. झाला प्रकार सांगत कृष्णाबाईंनी तोवर वसाहतीतलं एकही दार वाजवायचं ठेवलं नव्हतं. अबोली मतदानाला निघालेली, पण रेघेशी थांबली. सहदेवासमोर उभी राहिली आणि तोंडावरची ओढणी खाली केली.

सहदेवाने तिच्याकडे पाहिलं.

"अबोली महादू तावडे. बी चौदा. जा."

ती आत गेली. तिच्या मागच्या माणसाने टोपी काढली. त्याच्या मागे आणखी चौघं होती.