तीन मोऱ्या

“वाचत काय बसलास? सही कर,” साहेब म्हणाले.

मुकादम बसलाच नव्हता. टेबलापाशी उभा राहून तो कागद दुसऱ्यांदा वाचत होता. ‘वस्ती नदीच्या पात्रात बेकायदा उभारलेली होती. रस्त्याच्या भरावाचा दुर्घटनेशी संबंध नाही.’ आठ दिवसांपूर्वी त्या वस्तीत पाणी तुंबून सात माणसं गेली होती. त्यांत त्याची थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. भिंत तिच्या अंगावर पडली, तेव्हा ती शेजारणीचं पोर पत्र्यावर चढवत होती.

“बेकायदा?” मुकादम म्हणाला. “साहेब, रूळ टाकायला माझ्या बापाला इथं कुणी आणलं? तुमच्याच खात्यानं. वीस झोपड्यांची जागा खात्यानंच आखून दिली. तेव्हा या खोऱ्यात दुसरं चिटपाखरू नव्हतं. स्टेशन, बाजार, तुमचा बंगला, सगळं मागून आलं.”

“जुन्या गोष्टी उगाळू नकोस.”

“नवीन सांगतो. डोंगराचं पाणी वस्तीतल्या ओढ्यानं नदीला जायचं. मध्ये तुम्ही स्टेशनच्या रस्त्याचा भराव घातला. नकाशात भरावाखालून पाणी जायला तीन मोऱ्या होत्या. केली एक. मी म्हणालो, पाणी तुंबेल. तुम्ही म्हणालात, उद्घाटनाची तारीख ठरलीय.”

“निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुझे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.”

मुकादमानं पेन उचललं. मजकुराखाली जाड अक्षरांत लिहिलं, ‘मोऱ्या तीन होत्या. एक केली. मी सांगितलं होतं.’ मग सही केली. साहेब ओरडत उठले, तेवढ्यात फोन वाजला. वरच्या धरणावरचा कारकून बोलत होता. डोंगरात पहाटेपासून धो धो कोसळत होतं. दुपारपर्यंत ओढा भरून येणार होता.

“साहेब, रस्ता फोडायला हवा. आत्ताच.”

“वेड लागलंय? महिना नाही झाला उद्घाटनाला. वर विचारावं लागेल.”

“विचारा,” मुकादम म्हणाला आणि बाहेर पडला.

त्याच्या हाताखाली अकरा माणसं होती. त्यानं कुणाला हुकूम केला नाही. कुदळ उचलली, भरावावर चढला आणि पहिला घाव घातला. डांबर नुसतं खरचटलं. त्याच्या तोंडून बहिणीला उद्देशून शिवी गेली. कशाला थांबलीस, कशाला त्या पोराच्या मागे लागलीस! दुसरा घाव त्यानं इतक्या जोरात घातला, की दांडा हातात झणझणला. बाकीचे पाहत होते. मग रोलरवाला पहार घेऊन आला. मागोमाग वस्तीतून भाची आली, गेलेल्या बहिणीची मुलगी, ओढणी कंबरेला खोचून, घमेलं घेऊन.

“मामा, बाजूला व्हा. किती दमलात!”

“दमलो नाही. चिडलोय.”

“मी काय हसतेय?” ती म्हणाली आणि माती भरू लागली.

साहेबांची जीप आली तेव्हा सगळ्यांनी मिळून कंबरेएवढा चर खणला होता. “मुकादम, आजच्या आज निलंबित करीन!”

“करा. पण आधी जीप मागे घ्या, कड ढासळेल.”

साहेबांनी गुपचूप जीप मागे घेतली.

ओढ्याला लोंढा आला तो दोन वाजता. पाणी वस्तीच्या पहिल्या उंबऱ्याशी थटलं, चढलं, आणि मग चर सापडल्यासारखं वळलं. चराची उरलीसुरली माती त्यानंच ओढून नेली. बघता बघता रस्त्याला वीस हात खिंडार पडलं. वस्तीत पाणी घोट्याच्या वर गेलं नाही.

कुणी आनंदानं ओरडलं नाही. भाची पाण्याकडे बघत म्हणाली, “एवढंच करायचं होतं?”

मुकादमानं तिच्याकडून ओढणी मागून घेतली.

शिपाई निलंबनाचं पत्र घेऊन आला, तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मुकादम खिंडाराच्या अलीकडे वाटेत उभा होता. त्यानं भाचीची लाल ओढणी कुदळीच्या दांड्याला बांधली होती. पत्र त्यानं खिशात कोंबलं.

वळणावरून एक ट्रक भरधाव आला. मुकादमानं झेंडा उंच धरला, जागचा हलला नाही. ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

“कुठल्या गाढवानं फोडला रे हा रस्ता?”

“मी,” मुकादम म्हणाला. “बांधलाही मीच. मागे घे, सावकाश. चाक कडेला जाऊ देऊ नकोस.”

आणि ट्रकच्या मागे जाऊन, हातानं इशारे करत, त्यानं तो सरळ रस्त्याला लावून दिला.