सुरात लावलेली व्हिएल

मी व्हिएल बोलतेय. नाक मुरडू नका, नाव फ्रेंच आहे. पोटात लाकडी चाक, बाजूला दांडा. दांडा फिरवला की चाक तारांना घासतं आणि मी एकसारखी गुणगुणते.

जन्म फ्रान्समधल्या खेड्यातला. लग्नाकार्यात माझ्यावर लोक नाचायचे. मग ओदिल नावाच्या बयेच्या हाती पडले आणि माझे हाल सुरू झाले. बया लोकगीतं गायची, पण प्रयोग करून! माझ्या सूर बदलायच्या पट्ट्या उपटल्या, तारा मुद्दाम बेसूर लावल्या. एकच ओळ अर्धा अर्धा तास घोळवायची. "आमच्या आज्यांच्या गाण्यांची वाट लावली," म्हणून गावकरी भांडायला आले. शहरवाल्यांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. माझ्या तर ती डोक्यातच जायची.

साठीनंतर तिचा गळा सुरात लागेना. माझ्या बेसूर तारांआड तो लपायचा, म्हणून तिचं गाणं तगलं होतं. फ्रान्समधली बोलावणी आटली, उरला तेवढा जपान.

सेंदाई शहरात कार्यक्रमाआधी ती चहा प्यायला गेली. माझ्यापाशी बसली नीलिमा, इथल्या विद्यापीठातली पुण्याची संशोधक, लहानपणापासून गाणं शिकलेली, हौसेनं मदतीला आलेली. तिनं तार छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"अरे जगदीश, हिचा सूर उतरलाय! थंडीनं असेल. फजिती होईल रे बाईंची."

"विचारून तरी घे," नवरा म्हणाला.

"गाणाऱ्याचा तंबोरा लावून द्यायला विचारायचं काय?" म्हणत तिनं खुंट्या पिरगळल्या.

कित्येक वर्षांनी मी सुरात आले. अहाहा! म्हटलं, आता गा बघू!

दांड्याच्या पहिल्याच फेऱ्याला ओदिलच्या लक्षात आलं. थांबता आलं असतं, पण हट्टी मेली. गायली. प्रत्येक सूर घसरला आणि प्रत्येक घसरलेला सूर ऐकू आला. कुणी खोकलं नाही, कुणी उठलं नाही. शेवटी सगळ्यांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"माझं चुकलं. मला वाटलं, तुम्हाला मदत होईल," नीलिमा रडवेली झाली.

"चारचौघांत नागडं केलंस मला," ओदिल म्हणाली. "ठेव हिला. तुम्हा दोघींना सूर कळतो ना?"

टोकियोचा कार्यक्रम रद्द करून ती माझ्याशिवाय गेली. नीलिमाच्या माफीच्या मेलना उत्तर नाही. आता कुठेच गात नाही म्हणतात.

मी नीलिमाच्या घरी आहे. रोज मऊ फडकं, रोज अचूक सूर. ती गाते छान, एकदाही चुकत नाही. वीट आलाय मला.

ओदिल, अगं भांडायला तरी ये. तारा हव्या तशा बिघडव, पण गा.