वल्ह्याचे तीन ठोके

ओदालेयाला माणसांचा तिटकारा होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नसे. नदीतली गवतखाऊ पाणगाय बघायला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल तर तिचं एकच मत होतं: डोकी मनाउस शहराच्या धक्क्यावर ठेवून आलेली माणसं. तळ्यातल्या तरंगत्या पिंजऱ्याला होडी लागते न लागते तोच यांचे हात पाण्यात. कुणी केळं पुढे करतंय, कुणी पाणगायीच्या मिशाळ तोंडाचा मुका घेतंय. एका बाईने तर तिचं नाव 'प्रिन्सेसा' ठेवलं.

"शंभर किलोची राजकन्या!" ओदालेया म्हणाली. "हात काढा आधी. आज केळं देणाऱ्या हाताकडे येते, उद्या भाला धरलेल्या हाताकडे जाईल. गावात चार घरं अजून पाणगायीचं मटण तिच्याच चरबीत मुरवून ठेवतात. कळतंय का?"

त्यांना कळत नसे. ते तिचाही फोटो काढत.

पाणगायी वाचवायच्या प्रकल्पाची डॉक्टर तालिता पोरगी बरी होती, पण तिला सगळं कागदावर लागायचं. किती दूध, किती गवत, किती मिनिटांनी श्वास. "अगं, भूक लागली की ती खाते, दम लागला की वर येते," ओदालेया म्हणायची, "यात लिहायचंय काय?" आणि दीर एरास्मिनो? त्याचं नाव काढलं तरी ती थुंकायची. भाल्याने पाणगायी मारणाऱ्यांतला, तळ्यावरचा सगळ्यात पट्टीचा भालेकरी तो. अडीच वर्षांपूर्वी हीच पाणगाय पिल्लू असताना खुंटाला बांधलेली सापडली, आईला ओढून आणायला आमिष म्हणून. आई मारली गेलीच होती. खुंटावरची गाठ कुणाच्या हातची हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आता तोच प्रकल्पाचा हिरवा बनियन घालून पाहुण्यांना निसर्गाबद्दल सांगायचा. करून करून भागला आणि देवपूजेला लागला.

पिल्लू जगवलं ते ओदालेयाने. दर तीन तासांनी बाटली, दुपारभर पाण्यात उभं राहून कापलेलं गवत. पहिले आठ दिवस ते तोंडच उघडेना. होडीची सावली पडली की तळाशी जाऊन बसे. ओदालेया स्वतःही एका भालेकऱ्याचीच विधवा; तेव्हा तिने एक शक्कल लढवली. भालेकरी कधी आवाज करत नाही. वल्हं पाण्याबाहेर काढत नाही, होडीला लागू देत नाही. लागलंच तर सोबत्याच्या शिव्या खातो. म्हणून ती मुद्दाम वल्ह्याने होडीच्या काठावर ठोकायची, टक, टक, टक. म्हणजे मी त्यांच्यातली नाही, बाई. दूध आणलंय. नवव्या दिवशी पिल्लू वर आलं. या अकलेचा तिला फार अभिमान होता, आणि डॉक्टरच्या कागदावर तो ठोका तिने कधी येऊ दिला नाही.

पाणी चढलं, जंगलात शिरलं, वाटा मोकळ्या झाल्या. शेपटीला माग काढणाऱ्या यंत्राचा पट्टा बांधून पाणगायीला सोडायचा दिवस उजाडला. पिंजऱ्याचं दार उघडलं. ती बाहेर आली, दोनदा नाकपुड्या वर काढल्या आणि गेली. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. डॉक्टर रडली.

"मावशी, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. या टाळ्या पिटणाऱ्यांना पाण्यात ढकलावंसं वाटतं."

होड्या परतल्या. मागे ओदालेया राहिली आणि तिच्या होडीला होडी लावून एरास्मिनो.

"वहिनी, बोलावू तिला?"

"तुझ्या भाषणाला येईल ती? माणसंसुद्धा झोपतात."

त्याने वल्हं उचललं आणि काठावर ठोकलं. टक, टक, टक.

तीस हातांवर पाणी फुगलं. गवत बाजूला सारत ते करडं तोंड सरळ त्याच्या होडीशी आलं आणि बाटली शोधू लागलं. एरास्मिनोने बनियनला हात पुसले.

"अडीच वर्षं पहाटेपासून ठोकतेस. माझ्या ओट्यावर ऐकू येतं. माझ्या ओट्यावर येतं म्हणजे त्या चार घरांतही येतं. उद्या त्यांनी ठोकलं तरी ती अशीच येईल. मी पाप केलं, वहिनी, पण इतकं सोपं पाप मलाही कधी जमलं नाही."

ओदालेयाने स्वतःच्या वल्ह्याकडे पाहिलं. पाहुण्यांची केळी, पाहुण्यांचे मुके! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. तिला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ती एकटीच निघाली. सोबत नवऱ्याचं जड लाकडी वल्हं घेतलं होतं. पिंजऱ्यापासून लांब, गवताच्या कडेला तिने होडी थांबवली आणि ठोकलं. पाणगाय आली. ओठांची राठ लव तिच्या मनगटाला घासली. ओदालेयाने वल्हं दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या तोंडावर हाणलं.

पाणी उसळलं. ओदालेया थांबली, पुन्हा ठोकलं. पाणगाय पुन्हा आली, जरा हळू, पण आली. "मूर्ख! नालायक! कुणावरही भरवसा ठेवतेस?" तिने आणखी जोरात हाणलं. नाकपुडीवर रक्त दिसलं. तिसऱ्या वेळी ती चार हातांवर थबकली आणि बघत राहिली. वल्हं पोचलं ते फक्त खांद्याला. चौथ्या वेळी तीन ठोके पडले आणि पलीकडचं गवत हललं, उलट्या दिशेने, जंगलाकडे.

मग ओदालेयाने पुन्हा ठोकलं, टक, टक, टक. या वेळी वल्हं तिने होडीत आडवं ठेवून दिलं होतं. ठोके बोटांच्या पेरांनी दिले, आणि दुसऱ्या हातात दुधाची बाटली होती.

ती आली नाही.