पहिल्या गाडीला हात

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात व्यंकोजीनं आजवर कुणाला सोडलं नव्हतं. जनरल मॅनेजरला त्यानं मीठ घातलेली कॉफी पाजली होती, तीही आग्रह करकरून. त्यामुळे पुण्याची सावनी आली आणि म्हणाली, "सहा महिने तुमच्यातलीच होऊन गाडीची दारं बसवणार, तुम्ही कसे वागता ते बघून प्रबंध लिहिणार," तेव्हा ह्या पठ्ठ्याच्या तंजावरी मिशा फुरफुरल्याच.

दुसऱ्या सकाळी सगळी लाइन पढवून तयार. शिफ्टची पहिली गाडी आली की प्रत्येकानं टपावर तळवा टेकायचा आणि म्हणायचं, "नल्ला इरु." म्हणजे तमिळमध्ये, सुखी राहा!

"काका, हे काय?"

"रीत मा. आमच्या बापजाद्यांची."

कारखान्याला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती.

पोरगी रोज इमानानं हात टेकू लागली. बाकीचे गालात हसत. शेवटच्या दिवशी ती सगळ्यांना प्रबंध समजावून सांगणार होती. तेव्हाच उठून भांडं फोडायचं, असा व्यंकोजीचा बेत.

मधे ती पंधरवडाभर पुण्याला गेली. प्रेक्षकच नाही तर नाटक कशाला? व्यंकोजी हाताची घडी घालून उभा राहिला. पहिली गाडी आली. लाइनीत पहिला उभ्या असलेल्या वेंकटनं तळवा टेकला. "नल्ला इरु." मग पुढच्यानं. मग चंद्रिकानं, जी कालच कामाला लागली होती, जिनं सावनीचं तोंडही पाहिलं नव्हतं. कुणी हसत नव्हतं. सगळ्यात शेवटी आला सुपरवायझर गुरुमूर्ती, देवळातसुद्धा घड्याळ बघणारा माणूस. इकडंतिकडं बघून त्यानंही हात टेकला. ओठ हलले.

व्यंकोजीच्या हातांची घडी सुटली. आपण हे काय करून बसलो?

शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये सावनी म्हणाली, "माझं सगळ्यात मोठं प्रकरण तुमच्या ह्या रीतीवर आहे."

पोरगी विद्यापीठात तोंडावर आपटणार, तेही आपल्यापायी! व्यंकोजी उठला. "बाई, खोडून टाका ते. रीतबीत काही नाही. तुम्हाला बनवायला मी काढलेलं खूळ ते."

अख्खं कँटीन खदखदलं.

"अय्यो, आता रीतसुद्धा ह्यानंच काढली!" वेंकट ओरडला. पढवलेला गडी, पण विसरूनच गेला होता!

"चेष्टेला काही मर्यादा?" गुरुमूर्ती खरोखर चिडला.

सावनी मात्र हसली नाही. "काका, सात वर्षांच्या कारखान्यात बापजादे कुठले? 'थट्टा' म्हणूनच टिपलं होतं मी. पण परत आले, तर चंद्रिका मलाच दटावते, 'अक्का, नवीन दिसता. आधी हात टेका!' तेव्हापासून ते प्रकरण लिहितेय. खोडू?"

व्यंकोजीनं मान हलवली, नको.

दुसऱ्या सकाळी सावनी नव्हती. पहिली गाडी हळूहळू सरकत आली.

"काका, हात!" चंद्रिका खेकसली.

त्यानं तळवा टेकला. इतक्या हातांखालून आलेला पत्रा कोमट लागला.

"नल्ला इरु," तो म्हणाला, अगदी हळू.