मर्लचा जुना व्रण आणि मी

मी एक जुनी क्ष-किरण गाडी आहे. मित्रांनो, माझा उडालेला रंग आणि फुटका दिवा पाहून तुम्ही मला आइस्क्रीमची गाडी समजाल. कुलारा गावातली मुलं तशीच समजतात आणि दारावर थाप मारून व्हॅनिला मागतात. पण माझ्या पोटात गोड असं कधी काही नव्हतं. तिथे शिशाने मढवलेली एक अरुंद खोली होती आणि छाती टेकवायला एक थंडगार पाटी.

माझा जन्म मेलबर्नमधल्या एका कारखान्यात झाला. त्या काळी ऑस्ट्रेलियात क्षयाची धास्ती घरोघरी होती. प्रत्येक मोठ्या माणसाने छातीचा फोटो काढून घ्यायचाच, असा सरकारचा हुकूम निघाला आणि मला गावोगाव धाडण्यात आलं. मी चौकात उभी राहिले की रांग लागे. बायका ठेवणीतल्या टोप्या घालून येत. मेंढ्यांची लोकर कातरणारे पुरुष तसेच कामावरून येत आणि त्यांच्या अंगाचा तेलकट वास दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या पडद्यांना राही.

कुलारातल्या बेकरीत काम करणारी मर्ल तेव्हा अगदी तरुण होती. तिच्या डाव्या फुप्फुसावर मला डाग दिसला. "पण मला तर साधा खोकलाही नाही," ती म्हणाली. तिला डोंगरावरच्या आरोग्यधामात पाठवलं. नवी औषधं नुकतीच आली होती, त्यांनी ती बरी झाली. परत आली तर बेकरीवाल्याने तिचा चहाचा कप वेगळा मांडून ठेवलेला. मर्लने त्या कपात माती भरली, जिरेनियमचं रोप लावलं आणि फळीवरच्या दुसऱ्याच कपात चहा ओतून घेतला. आपल्या कामाचा इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

त्या दिवसांत माझ्या पाटीवर सापडलेले जवळजवळ सगळे रोगी याच मातीत जन्मलेले होते. पुढे गाव ते विसरलं. विसरणारच, कारण रोग भराभर ओसरला. नगराध्यक्षांनी माझ्या बोनेटवर हात ठेवून भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जत्रेच्या मैदानामागच्या शेडमध्ये मला नेऊन उभं केलं. मग कुणी फिरकलं नाही. माझी चाकं बसली, काचांवर जाळी धरली. आपण ज्यासाठी जन्मलो ते काम संपलं, याचा आनंद मानावा की दुःख, हे मला त्या अंधारात ठरवता येत नसे.

अनेक वर्षांनी गावाच्या मांसाच्या कारखान्याला माणसं मिळेनाशी झाली आणि दूर प्रशांत महासागरातल्या किरिबास बेटांवरून कामगार आले. त्यांच्यात तेराओई नावाची एक तरुणी आणि तिचा धाकटा भाऊ बाउरो होते. तेराओई चर्चमध्ये गायची. तिचा आवाज मैदान ओलांडून माझ्या शेडपर्यंत येई. एका हिवाळ्यात तो खरवडल्यासारखा झाला, मग थांबलाच. तिला क्षय झाला होता.

गावात कुजबूज सुरू झाली. गाड्या दुरुस्त करणारा बॅरी तर उघडच बोलू लागला. त्याचं गॅरेज माझ्या शेडला लागूनच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मर्ल आपली छोटी मोटार दाखवायला आली होती. आता ती ऐंशी पार केलेली, काठी टेकत चालणारी म्हातारी होती.

"आपल्याकडून हा रोग केव्हाच गेला होता," बॅरी म्हणाला. "या लोकांनी परत आणला."

"मला झाला तेव्हा कुणी आणला होता रे?" मर्ल म्हणाली. "मी याच गावात जन्मले. जंतूने माझा जन्मदाखला नाही मागितला."

"ते जुनं झालं, मर्ल."

"जुनं कसं? त्यांच्या बेटांवर औषध अजून धड पोचत नाही. आपल्यापर्यंत पोचलं म्हणून आपण सुटलो. यात तुझी काय कर्तबगारी?"

बॅरी पान्याशी चाळा करत राहिला.

पण खरी काळजी वेगळीच होती. तेराओईच्या घरात राहणाऱ्यांपैकी कुणीच तपासणीला येईना. जिल्ह्याची नर्स लोर्ना दारोदार फिरून दमली. 'डाग दिसला की विमानात बसवून परत पाठवतात,' अशी धास्ती त्यांच्या मनात बसली होती. बाउरोला खोकला लागला होता. तो उशीत तोंड खुपसून खोकतो, हे इस्पितळात पडलेल्या तेराओईला कळलं आणि ती हवालदिल झाली.

लोर्ना ही हकीकत मर्लला सांगून म्हणाली, "इस्पितळाच्या पायरीवर ते चढणार नाहीत. आणि सगळ्या गावाने बोट दाखवल्यावर का चढावं त्यांनी?"

"मग सगळ्या गावालाच रांगेत उभं करू," मर्ल म्हणाली. "पूर्वी केलं होतंच की."

दुसऱ्या दिवशी शेडचं दार करकरत उघडलं. मर्लने बॅरीलाच पकडून आणलं होतं. तो माझ्याखाली आडवा झाला आणि कुरकुरला, "इथे पोसमने पिल्लं घेऊन संसार मांडलाय."

"तोही बाहेरून आलाय म्हणू नकोस."

बॅरी खालीच हसला. किती तरी काळाने कुणी तरी माझ्यासाठी हात काळे करत होतं. हवा भरली, बॅटरी बदलली, आणि माझं इंजिन खोकत खोकत सुरू झालं. आरोग्य खात्याने माझ्यात नवं यंत्र बसवलं. त्यात फोटो लगेच पडद्यावर दिसायचा.

कारखान्याच्या अंगणात मी जाऊन उभी राहिले. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आजारामुळे कुणाची नोकरी जाणार नाही. लोर्नाने सांगितलं की औषध फुकट मिळेल आणि कुणाला परत पाठवणार नाहीत. तरी रांग लागेना. इथले लोक एका बाजूला, बेटांवरचे दुसऱ्या बाजूला. बाउरो सगळ्यांत मागे होता.

मर्ल काठी टेकत माझी पायरी चढली. पाटीला छाती लावली. फोटो निघाल्यावर तिने लोर्नाला पडदा दाराकडे वळवायला लावला.

"इकडे बघा सगळे," ती म्हणाली. "हा पांढरा व्रण माझा आहे. हा रोग मलाही झाला होता. मी कुलाराची, सहा पिढ्यांची. बरी झाले, लग्न केलं, नवऱ्याला पोचवलं, अजून पाव भाजते. यात लाजण्यासारखं काय आहे ते कुणी तरी मला सांगा."

एवढ्यात फाटकातून तेराओई आत आली. औषध लागू पडलं होतं, तिच्यापासून आता कुणाला धोका नव्हता. ती सरळ भावापाशी गेली.

"ताई, तुला सोडलं?" बाउरोने विचारलं.

"सोडलं. मला परत पाठवलंय का कुणी? इथेच उभी आहे ना तुझ्यासमोर? चल, चढ."

बाउरो चढला. त्याच्यामागे बॅरी उभा राहिला आणि बॅरीमागे रांग फाटकाबाहेर गेली. इथला कोण नि तिथला कोण, हे माझ्या पाटीला कळत नव्हतं. तिला फक्त बरगड्या दिसत होत्या.

"माझ्यात काही सापडलं नाही," बॅरी उतरताना म्हणाला.

"ही डोक्याचा फोटो काढत नाही," मर्ल म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने बॅरीच हसला.

बाउरोच्या फुप्फुसावर लहानसा डाग निघाला. अगदी वेळेवर. तो लोर्नासमोर रोज गोळ्या घेई. रोज सकाळी कुणी ना कुणी त्याच्याबरोबर जाई, पुष्कळदा बॅरीच. वसंत ऋतूत गावाच्या फुटबॉल संघात बाउरो उतरला. सामना मैदानावर होता, मी कडेला उभी होते. शेवटच्या क्षणी तो चेंडू घेऊन अर्धं मैदान धावला, गोल केला आणि धापही न टाकता बहिणीकडे वळून हात उंचावला. तेराओईने गाणं सुरू केलं. शब्द येत नव्हते तरी अख्खं कुलारा तिच्यामागे गायलं, आणि बॅरीने माझा हॉर्न दाबून धरला. मित्रांनो, इतक्या जोरात मी जन्मात ओरडले नव्हते.

आता एक विनंती. खोकला लपवू नका, आणि खोकणाऱ्याला लपायला लावू नका. औषध सुरू केलं की शेवटपर्यंत घ्या. आपल्या गावातून रोग गेला म्हणून माझ्यासारख्या गाड्या विसरू नका, कारण तो जगातून गेलेला नाही. जिथे जन्मेल तिथेच प्रत्येक माणसाला वेळेवर औषध मिळू लागलं, की मग खुशाल माझी दारं काढा आणि माझ्यात कोंबड्या पाळा. मी अंड्यांवर मायेने छप्पर धरीन.